सोसायटी ग्रुप : बाळाच्या खोलीतली हवा

बी-३०४ : सर्वांना नमस्कार. आमची ८ महिन्यांची लेक न्यूमोनियावरचे उपचार पूर्ण करून काल संध्याकाळी घरी आली. गेले पाच दिवस ज्यांनी डबे पाठवले आणि मोठ्या मुलाला शाळेतून आणले, त्यांचे आम्ही दोघेही ऋणी आहोत. आज लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. तिला दाखल करताना डॉक्टरांनी ताप-खोकल्याइतक्याच बारकाईने आमच्या घराची चौकशी केली. बाळ कोणत्या खोलीत झोपते, तिथे आणखी किती माणसे असतात, डासांसाठी काय लावता, घरात कोणी सिगारेट ओढते का, भिंतींना ओल आहे का, असे एकेक प्रश्न येत गेले. दिवेलागणीला खिडक्या लावून आम्ही रोज कॉइल पेटवत होतो, त्यात उदबत्ती आणि धूप, आणि त्याच हवेत ती रात्रभर श्वास घेत होती, हे उत्तरे देताना प्रथमच ध्यानात आले.

ए-१०२ : लेक घरी आली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण बाळ, आम्ही सगळी मुले शेक-शेगडीवर आणि ओवा-लसणाच्या धुरीवरच वाढवली. मला वाटते, तिला थंडीच बाधली असावी.

बी-३०४ : काकू, तुमच्याच हाताखाली मी तिला न्हाऊ घालायला शिकले, त्यामुळे तुम्हाला दुखावण्याचा विचारही मनात नाही. मालीश, कोमट पाणी, अंगभर ऊब हे सारे बाळाच्या भल्याचेच आहे. प्रश्न केवळ निखाऱ्यांच्या धुराचा आहे, मग त्यात ओवा टाकलेला असो वा धूप. कॉइलविषयी तर पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी सांगितले आहे की, बंद खोलीत एक कॉइल जळून संपेपर्यंत सुमारे १०० सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत मिसळतात. हे कळल्यापासून आम्ही खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या असून बाळाला मच्छरदाणीत झोपवतो.

डी-४०२ : मी बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडी भर घालते. लहान मुलांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात, त्यामुळे थोडी सूज आली किंवा कफ साठला तरी हवेची वाट अडते. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते जंतू व कफ सतत वर ढकलत राहतात. धुराने नेमके तेच काम मंदावते आणि मग साधी सर्दीही छातीत उतरते. थंडी हे एकच कारण नव्हे, काकू. थंडीच्या दिवसांत आपण दारे-खिडक्या बंद करून एकमेकांच्या जवळ राहतो, म्हणून विषाणू झपाट्याने पसरतात. न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडण्याची पद्धतही कृपया थांबवावी, कारण ते तेल थेट फुप्फुसात उतरून तिथे दाह निर्माण करू शकते.

सी-५०१ : ताई, मी गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतो आणि दार लावून घेतो. तरीही नातवाला त्रास होऊ शकतो का?

डी-४०२ : होय काका, होऊ शकतो. काही धूर दाराच्या फटीतून आत येतोच, आणि जो कपड्यांना, केसांना, बोटांना चिकटतो तो तुम्ही नातवाला उचलून घेताच त्याच्या नाकाशी जातो. शर्ट बदलून हात धुतल्याने थोडे कमी होईल, पण खरा उपाय सिगारेट सोडणे हाच आहे. त्यासाठी मदत हवी असल्यास केव्हाही घरी या.

ए-३०१ : आमचा मोठा मुलगा बालवाडीतून दर पंधरवड्याला सर्दी आणतो आणि दोन दिवसांत धाकटीला होते. दवाखान्यात नेमके कधी न्यावे, हेच कळत नाही.

डी-४०२ : बालवाडीतून आल्यावर आधी साबणाने हात धुवायचे आणि मगच बहिणीजवळ जायचे, ही सवय लावावी. सर्दी झालेल्या कोणीही, अगदी आजी-आजोबांनीही, बाळाचे मुके घेऊ नयेत. बाळ शांत किंवा झोपलेले असताना घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, २ महिने ते १ वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध घेत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूपासून संरक्षण देणारी न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी मोफत मिळते. ९व्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लसही चुकवू नये.

बी-३०४ : आणखी एक विनंती आहे. गेटजवळच्या खोलीत आपल्या वॉचमनदादांचे दीड वर्षाचे मूल राहते. अंघोळीचे पाणी दाराशीच चुलीवर तापते, त्यात पालापाचोळ्यासोबत प्लॅस्टिकही जळते आणि सगळा धूर त्याच एका खोलीत शिरतो. मी जाळ्या बसवू शकले, तशी सोय त्यांच्याकडे नाही. गच्चीवरच्या सोलरची एक पाइपलाइन त्यांच्या खोलीपर्यंत आणता येईल का?

सचिव, बी-१०१ : लाइन बी विंगच्या डक्टमधून खाली आणता येईल, असे प्लंबरने मागे एकदा सांगितले होते. खर्चाचा अंदाज मागवून रविवारच्या बैठकीत विषय ठेवतो.

ए-१०२ : तोवर त्या मुलाच्या अंघोळीचे गरम पाणी रोज माझ्या गीझरमधून न्यावे, मी आताच खाली जाऊन त्याच्या आईला सांगते.