अर्धपारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं पेन : आतून रंग कसा लावायचा, नळी कशाने चिकटवायची?

सागवानी

नमस्कार मंडळी. मुलुंडला राहते, गॅलरीत छोटा लेथ आहे. आजवर सागवान, शिसम, बाभूळ यांची पेनं केली. आता पहिल्यांदाच अ‍ॅक्रिलिकला हात घालतेय. समुद्री निळ्या रंगाचे, उजेड आरपार जाणारे ब्लँक (लेथवर कोरून पेन करायचे चौकोनी ठोकळे) आणलेत. किट साधंच आहे, ७ मिमीची पितळी नळी असलेलं ट्विस्ट पेन.

लाकडात नळी दिसायचा प्रश्नच नसतो. इथे भोक पाडून नळी नुसती कोरडी सरकवली आणि खिडकीशी धरली, तर पितळाचा पिवळा आतून डोकावतो आणि निळा चक्क शेवाळी दिसतो. म्हणजे आतून रंग हवाच. पण तो नळीला लावायचा की भोकाच्या भिंतीला? स्प्रे चालेल की ब्रशचा रंग? आणि चिकटवायला फेव्हिक्विक की अरल्डाइट? लाकडाला मी फेव्हिक्विकच वापरते.

बाबांची एकसष्टी गणपतीच्या आधी आहे, पेन त्यांना द्यायचंय. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

काचकागद

सागवानीताई, रंग भोकाच्या भिंतीला. कारण सांगतो.

नळीला रंग दिलात तर डोळ्याला आधी अ‍ॅक्रिलिक दिसतं, मग गोंदाचा थर, मग रंग. गोंदात एक बुडबुडा राहिला किंवा नखाएवढी जागा कोरडी राहिली की ती बाहेरून डागासारखी दिसते, आणि पॉलिश जितकं चांगलं तितका डाग ठळक. तोच रंग भिंतीला लावला की गोंद रंगाच्या मागे जातो. मग तो दिसायचा प्रश्नच उरत नाही.

पण रंग निवडायच्या आधी एक करा. ब्लँकच्या उरलेल्या तुकड्यातून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची चकती कापा, वॉटर पेपरवर घासून गुळगुळीत करा आणि पांढऱ्या, काळ्या, चंदेरी आणि निळ्या रंगवलेल्या कार्डावर ठेवून बघा. चौकोनी ब्लँक गडद दिसतो तो त्याच्या जाडीमुळे. या किटमध्ये पेन तयार झालं की टोकाशी अ‍ॅक्रिलिकची भिंत पाऊण मिलिमीटरही उरत नाही. एवढ्या पातळ भिंतीत ब्लँकच्या स्वतःच्या रंगापेक्षा मागच्या रंगाचा वाटा मोठा असतो. नुसता पारदर्शक निळा असेल तर मागे पांढरा द्या, उजेड परत फिरतो आणि निळा खुलतो. काळ्यावर तोच निळा बुडून जातो. ब्लँकमध्ये मोतिया झाक असेल, म्हणजे अभ्रकाची चमक फिरवताना लाटेसारखी हलत असेल, तर उलट काळा द्या. ती चमक काळ्यावर जशी उठते तशी कशावरच उठत नाही.

आता भोक. लाकडाला जसं एका दमात ड्रिल घालतो तसं इथे नाही. अ‍ॅक्रिलिक १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि ड्रिलच्या टोकाला तेवढी उष्णता सहज होते. वेग कमी, बिट धारदार, थोडं आत गेलं की बाहेर काढून भुगा झाडायचा. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडत राहा. लांब सलग पट्टी निघत असेल तर काम ठीक चाललंय, चिकट गोळे यायला लागले की थांबून गार होऊ द्या. ब्लँक लांबीला थोडा जास्त ठेवा आणि पार भोक पाडण्याऐवजी टोकाला बंद ठेवून नंतर तेवढा भाग कापून टाका, म्हणजे बिट बाहेर पडताना कड उडत नाही.

आधी ६.५ मिमी, मग शेवटचा बिट. हा शेवटचा बिट ७ चा नको. नळी व्हर्नियरने मोजा आणि तिच्यापेक्षा एक-दोन दशांशाने मोठा घ्या, ७.१ किंवा ७.२. रंगाचे दोन हात आणि गोंद यांना जागा लागतेच. ती नसेल तर नळी आत जाताना सगळा रंग खरवडून पुढे ढकलते. असे दशांशाच्या टप्प्याने मिळणारे बिट नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात, अख्खा सेट घ्यायची गरज नाही.

भोकाच्या आत ड्रिलच्या गोल रेघा राहतात, त्या रंगाखाली झाकल्या जात नाहीत, उलट आट्यांसारख्या दिसतात. बांबूच्या काडीला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून पाण्यातून आत फिरवा, नंतर ६०० चा. कंटाळवाणं काम आहे, पण पेन उजेडात धरल्यावर जी सफाई दिसते ती इथे कमावलेली असते.

परळचा फिटर

काचकागदरावांचं ड्रिलिंगचं सगळं मान्य. रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे.

भिंतीला रंग दिला की नळी अ‍ॅक्रिलिकला चिकटत नाही, रंगाला चिकटते. रंग अ‍ॅक्रिलिकला किती धरतोय त्यावर सगळा जोड अवलंबून. घासून अगदी गुळगुळीत केलेल्या भिंतीवर क्राफ्टचा रंग फार घट्ट बसत नाही. लेथवर टूल जरा अडकलं की नळी जागेवर आणि ब्लँक तिच्याभोवती फिरतोय अशी पाळी येते.

म्हणून मी गोंदालाच रंग देतो. नळीला पातळ पांढरा हात, तो पक्का वाळू द्यायचा, आणि अरल्डाइटमध्ये त्याच छटेची कोरडी पावडर. रंगीत गोंद अपारदर्शक असला की त्याच्या मागचं काही दिसत नाही आणि जोड पितळापर्यंत सलग राहतो. गोंद भरपूर घ्यायचा, कंजुसी नाही.

काचकागद

फिटरसाहेब, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच भिंत ६०० च्या पुढे घासू नये आणि रंग दोन पातळ हातांतच द्यावा, जाड थर सोलून निघतो. बाकी तुमची रंगीत गोंदाची युक्ती मी सोडायला सांगणार नाही, दोन्ही एकत्र करावं. भिंतीला रंग, आणि गोंदही त्याच रंगाचा. मग नळीच्या कडेने कुठे रंग खरवडला गेला तरी तिथे मागून तोच रंग दिसतो.

आणि ताई, लेथवर टूलला धार काढूनच उभं राहायचं, कट हलका. अ‍ॅक्रिलिक म्हणून विकले जाणारे बरेच ब्लँक प्रत्यक्षात पॉलिएस्टर रेझिनचे असतात. ते लाकडापेक्षा कितीतरी ठिसूळ, खवल्यासारखे तुकडे उडतात. गॉगल विसरू नका.

रेझिनवाली

रंग कुठला याबद्दल मी लिहिते, रोज हेच रंग हाताळते.

स्प्रे नको. स्प्रेच्या डब्यातलं थिनर अ‍ॅक्रिलिकला खातं, आणि ड्रिल केलेल्या भोकाभोवती ताण साठलेला असतो, तिथे केसासारख्या बारीक चिरा उमटतात. त्या लगेच दिसतीलच असं नाही, कधी कधी पेन पूर्ण झाल्यावर उगवतात. शिवाय बंद भोकात थिनरची वाफ कोंडून राहते. त्याच कारणासाठी भोक पुसायला थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही नको. कोमट पाणी, भांड्याचा साबण, आणि पूर्ण कोरडं करणं.

फेव्हिक्रिल किंवा कॅम्लिनचे पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग उत्तम. थोडं पाणी घालून ताकाइतके पातळ करायचे. ब्लँकच्या एका तोंडाला टेप लावा, ड्रॉपरने रंग आत सोडा, बोटांत धरून सावकाश फिरवा म्हणजे भिंत सगळीकडून भिजते. मग टेप काढून उरलेला रंग निथळू द्या, ब्लँक टिश्यूवर उभा ठेवा. खालच्या तोंडाशी रंगाची साय जमते, ती इअरबडने टिपून घ्या. राहिली तर नेमकी तिथेच नळी अडते. पहिला हात पट्ट्यापट्ट्यांचा दिसेल, घाबरू नका. दुसऱ्यानंतर भरून येतो.

वाळवणं हा मुंबईत खरा प्रश्न. भोक अरुंद, आतली दमट हवा बाहेर जात नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाही तशीच. ब्लँक आडवा ठेवा आणि टेबलफॅनचा वारा भोकातून आरपार जाईल असा लावा. प्रत्येक हाताला एक अख्खा दिवस, पावसाची झड असेल तर दोन. नाकाशी धरून वास घ्या. रंगाचा वास येतोय म्हणजे आत अजून ओल आहे, त्यावर गोंद घालायचा नाही. ओला रंग गोंदाखाली कोंडला गेला की कधीच वाळत नाही, सुरकुततो. हेअर ड्रायरने घाई करू नका, वरची साय वाळते आणि आत ओलं राहतं.

गोंदात घालायला रेझिनकामाची अभ्रकाची पावडर किंवा कोरडा पांढरा रंग घ्या, टूथपिकच्या टोकावर बसेल एवढाच. ट्यूबमधला पाण्याचा रंग गोंदात मिसळू नका, जास्त झाला तर गोंद रबरासारखा राहतो. अब्दुल रहमान स्ट्रीटवर या पावडरींच्या छोट्या डब्या मिळतात.

सागवानी

किती नेमकं लिहिताय सगळे, मनापासून आभार! ब्लँकमध्ये मोतिया झाक नाही, त्यामुळे पांढराच देते. आता चिकटवायचं सांगा. फेव्हिक्विकचं नाव कुणीच घेत नाहीये, म्हणजे ते नको असं दिसतंय, पण का? आणि ५ मिनिटांचं अरल्डाइट मिळतं ते चालेल का?

परळचा फिटर

फेव्हिक्विक अर्ध्या वाटेत नळी धरतं. भोक अरुंद, नळी घट्ट, आणि एकदा अडकली की ब्लँक गेला. शिवाय त्याची वाफ वाळताना पांढरी पूड सोडते, पारदर्शक कामात ती लपत नाही.

५ मिनिटांचं पण नको. डब्यावरची वेळ गार खोलीतली असते, मुंबईच्या उकाड्यात ते त्याच्या आधीच ओढायला लागतं. साधं अरल्डाइट घ्या, दोन ट्यूबवालं. दोन्ही सारखं काढा, काचेच्या तुकड्यावर सावकाश मिसळा. घोटून फेटलंत तर हवा आत शिरते. मिसळून झाल्यावर थोडं पसरून ठेवा, बुडबुडे वर येऊन फुटतात.

त्याआधी नळी तयार हवी. १५० च्या पॉलिश पेपरवर आडवी-तिरकी घासून चकाकी घालवा, चकचकीत पितळाला गोंद धरत नाही. आणि नळीची कड बघा. कापताना तिथे बारीक धार राहते, बोटाला लागते. तीच भिंतीवरचा रंग उभा ओरबाडते. पॉलिश पेपरवर कड तिरकी धरून गोल फिरवा, धार गेली पाहिजे. मग दोन्ही तोंडं मुलांच्या खेळायच्या क्लेने बंद करा, नाहीतर आत गोंद जाऊन रिफिल अडकेल.

गोंद आधी भोकात काडीने सगळीकडे लावा, मग नळीवर. नळी सरळ, हळू आत. जाताना किंचित फिरवा, पण लाकडात करतो तसं मागेपुढे घुसळू नका, रंग निघेल. ब्लँकचं पलीकडचं तोंड मोकळं असलंच पाहिजे. ते बंद असेल तर कोंडलेली हवा गोंदातून मागे फिरते आणि बुडबुड्यांची माळ तयार होते. आत गेली की मोबाइलचा टॉर्च मारून चहूबाजूंनी बघा. काही दिसलंच तर गोंद ओला आहे तोवरच दुरुस्त करता येतं.

पहिला तासभर दर थोड्या वेळाने ब्लँक उलटापालटा करत राहा, गोंद एका अंगाला उतरत नाही. मग रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तोंड सपाट करायला घेऊ नका. तेव्हाही बॅरल ट्रिमरपेक्षा (तोंड सपाट कापणारं फिरतं पातं) सँडिंग डिस्कवर घासलेलं बरं, ट्रिमरचा झटका टोकाच्या रंगाला बसतो.

निळी शाई

विषय निघालाच आहे तर विचारतो. मी किट वापरत नाही, अ‍ॅक्रिलिकच्या सळईतून सरळ आटे पाडून फाउंटन पेन करतो. आपल्या मुंबईच्या एअरमेलच्या पारदर्शक पेनांसारखं, शाई थेट पोटात. त्याला आतून रंग देता येईल का?

काचकागद

शाई थेट पोटात असेल तर अजिबात नको. शाई दिवसरात्र त्या रंगावर उभी राहणार. रंग सुटला की त्याचे कण फीडच्या, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या भागाच्या, चिरेत जाऊन बसतील आणि पेन लिहायचं थांबेल. तिथे आतली भिंत पॉलिश करा, रंगाचं काम शाईलाच करू द्या. बॅरल (पेनाचं पोट) आणि सेक्शन (निबेमागचा, बोटांत धरायचा भाग) यांच्या आट्यांनाही गोंद नको, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. रंग द्यायचाच असेल तर टोपणाचं डोकं किंवा बॅरलचं आंधळं टोक घ्या, जिथे शाई पोचत नाही.

सागवानी

शेवटचा प्रश्न. मधोमध पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची बारीक रिंग घालायची आहे. आमच्या इथे अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करणारे सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडून जोड देतात, काचेसारखा दिसतो. तसं करू का?

परळचा फिटर

त्यांचा जोड सुंदर येतो, कारण क्लोरोफॉर्म दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. पण ते अस्सल अ‍ॅक्रिलिकलाच चालतं. तुमचा ब्लँक पॉलिएस्टरचा निघाला तर जोड धरणारच नाही. दुसरं, आधी ड्रिल केलेल्या तुकड्याला ते लागलं की वर रेझिनवालीताईंनी सांगितलेल्या चिरा हमखास. कारखान्यात त्यासाठी तुकडे ८० अंशांच्या आसपास काही तास तापवून अगदी सावकाश गार करतात, ताण निघून जातो. घरच्या ओव्हनवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. तिसरं, ती वाफ पोटात जाणं वाईट. पाटीवाल्यांचं दुकान रस्त्याला उघडं असतं, तुमच्या गॅलरीमागे राहतं घर आहे.

रिंगसुद्धा साध्या अरल्डाइटनेच बसवा. जोडायच्या तोंडांना २२० चा पॉलिश पेपर फिरवा, गोंदात पांढरी पावडर घाला म्हणजे जोडाची रेघ रिंगेतच मिसळेल. आणि हा जोड ड्रिल करायच्या आधी करा, पूर्ण दिवस वाळू द्या, मग एकसंध ब्लँक समजून भोक पाडा. रिंगेजवळ बिट आला की हात आणखी हलका.