कार्टॉफेल की एर्डाप्फेल? अनुवादात अडलेला शब्द

पोफळी : एका जर्मन कथेचा अनुवाद करत आहे. हांबुर्गहून व्हिएन्नात आलेली सून बाजारात ‘कार्टॉफेल’ मागते आणि सासू चारचौघांत तिला ‘एर्डाप्फेल म्हण’ असे सुनावते. दोन्हींचा अर्थ बटाटाच असल्यामुळे दोघींच्या तोंडी ‘बटाटा’ घातला तर भांडणच नाहीसे होते. ‘एर्डाप्फेल’साठी मी शब्दशः ‘भुईसफरचंद’ योजले होते, पण संपादकांनी ते खोडले. आपण काय कराल?

दूरदेशी : संपादकांशी मी सहमत आहे. भुईमुगाची शेंग सोलताना आपल्याला मूग आठवत नाहीत, तसेच व्हिएन्नाच्या माणसाला या शब्दातले सफरचंद जाणवत नाही. शिवाय हा शब्द बटाट्यापेक्षा जुना आहे. जुन्या जर्मन भाषेत तो खरबूज, काकडी यांसारख्या जमिनीलगत धरणाऱ्या फळांसाठी वापरत, आणि न्यूरेंबर्गमध्ये मार्टिन बेहाइमने १४९२ साली करवून घेतलेला पृथ्वीचा गोलही ‘एर्डाप्फेल’ म्हणूनच ओळखला जातो. त्या वेळी युरोपात बटाटा कोणी पाहिलाही नव्हता.

शब्दवेडा : कार्टॉफेलचे मूळ इटालियन आहे. जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळंबीला तिकडे ‘तार्तूफो’ म्हणतात. नव्या कंदाला तिचेच लघुत्वदर्शक रूप चिकटले आणि जर्मनमध्ये ते आधी ‘टार्टुफेल’ झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस याला १५८८ साली व्हिएन्नात बटाट्याचे जे चित्र मिळाले, त्यावर ‘ताराटूफ्ली’ असेच नाव लिहिलेले आहे. म्हणजे ज्या शहरात आज एर्डाप्फेलचा अभिमान मिरवला जातो, तिथे ‘कार्टॉफेल’चा पूर्वज चारशे वर्षांपूर्वीच पोहोचला होता. पुढे दोन ‘ट’ जवळजवळ आल्यामुळे पहिल्याचा ‘क’ झाला. संस्कृत ‘लाङ्गल’मधल्या दोन ‘ल’कारांपैकी एकही न टिकता आपला ‘नांगर’ घडला, तो याच प्रवृत्तीने.

खडीसाखर : मी जर्मनीतल्या फाल्त्स भागात राहत होते, तेव्हा घरमालकीणबाई बटाट्याला ‘ग्रुम्बेर’ म्हणत. त्यातला ‘बेर’ म्हणजे बोरासारखे काही फळ असावे आणि संस्कृत ‘बदर’शी त्याचे नाते असावे, असे मला आजही वाटते.

शब्दवेडा : ध्वनिसाम्य मोहक आहे, पण नाते नाही. मूळ शब्द ‘ग्रुंडबिर्ने’, म्हणजे भूमीतले नासपती. लक्झेंबर्गमध्ये त्याचे ‘ग्रोम्पर’ झाले, आणि बोलीतल्या अशाच रूपांपासून क्रोएशियन ‘क्रुम्पिर’ व हंगेरियन ‘क्रुम्प्ली’ आले. ‘क्रुम्म’, म्हणजे वाकडा, यापासून ते आले असे सांगणारे भेटतात, पण ते ऐकीव आहे.

आडवाट : एवढी माहिती असूनही सगळे ‘बटाटा’पाशीच थांबतात, याचे मला दुःख होते. जर्मनांनी आपल्या मातीतल्या शब्दांपासून ‘एर्डाप्फेल’ आणि ‘ग्रुंडबिर्ने’ अशी दोन-दोन नावे घडवली. ‘भुईकोहळा’ घडवणाऱ्या मराठीने पोर्तुगीज शब्द उचलून समाधान का मानावे? मला ‘भुईसफरचंद’ पूर्णपणे मान्य आहे.

दूरदेशी : ज्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या जेवल्या, तो शब्द परका उरत नाही. कार्टॉफेल इटालियन आहे म्हणून बर्लिनमध्ये कोणी तो टाकून देत नाही. ऑस्ट्रियातला आग्रहही शुद्धतेसाठी नसून स्वतःच्या बोलीसाठी आहे. १९९५ साली युरोपीय संघात जाताना त्यांनी खाद्यपदार्थांचे २३ ऑस्ट्रियन शब्द करारात नोंदवून घेतले, त्यांत एर्डाप्फेल आहे. पण त्याच यादीत टोमॅटोचा ‘पाराडायझर’ आणि वांग्याचा इटालियन वळणाचा ‘मेलांझानी’ही आहे.

आडवाट : बोलीचा अभिमान आणि भाषेची शुद्धता यांत आपण पाडता तेवढे अंतर मला दिसत नाही. सासूला परका वाटणारा शब्द नको आहे, एवढेच कथेत दिसते.

खडीसाखर : ‘बटाटा’ तरी बटाट्याचा कुठे आहे? कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा ‘बताता’ म्हणजे रताळे. स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून ते नाव दुसऱ्याच कंदावर बसून आपल्याकडे आले.

शब्दवेडा : मग ‘आलू’चेही पाहावे लागेल. संस्कृत ‘आलुक’ हा शब्द बटाटा भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून दुसऱ्या कंदांसाठी आहे, आणि ‘रताळे’ हे ‘रक्तालु’चेच रूप आहे.

आडवाट : तर मग ‘आलू’ला मराठीत हिंदीचा शब्द म्हणून का हिणवतात, हे कोणी सांगावे.