दिवाळी स्नेहसंमेलन, शनिवार ९ नोव्हेंबर २०२४: तारखेवरून झालेला पत्रव्यवहार

प्रेषक: सचिव
विषय: दिवाळी स्नेहसंमेलन, शनिवार ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

यंदाची बर्लिनची दिवाळी शनिवारी ९ नोव्हेंबरला ठरली आहे. भाऊबीज होऊन आठवडा होत आलेला असेल, पण तुळशीचं लग्न १३ तारखेला आहे, तेव्हा दिवाळी अजून सरलेली नाही असं मानून घ्या. क्रॉइझबर्गचा नेहमीचा हॉल दुपारी ३ ते रात्री १० मिळाला आहे. फराळ, मुलांचे नाच, एकांकिका, जेवण. रात्री ८ वाजता हॉलसमोरच्या फुटपाथवर आपलं ढोल-ताशा पथक आणि फुलबाज्या. फुलबाज्यांना इथे वर्षभर परवानगी असते, फटाके फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला. त्यामुळे सुतळी बॉम्बची फर्माईश करू नये, दर वर्षी कोणीतरी करतंच.

नावं रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: मंजिरी
विषय: पुन्हा: दिवाळी स्नेहसंमेलन, शनिवार ९ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

कार्यक्रम जरूर करा, मी चकल्या आणतेच आहे. पण ९ नोव्हेंबरला रात्री ८ वाजता, बर्लिनमध्ये, रस्त्यावर ढोल? यावर एकदा विचार व्हावा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी देशभर ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. १४०० हून जास्त सिनेगॉग आणि प्रार्थनागृहं उद्ध्वस्त झाली, सुमारे ३०,००० पुरुषांना पकडून दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत टाकलं. सरकारी आकडा ९१ मृतांचा होता, खरे मृत्यू त्याहून कितीतरी जास्त. वर नुकसानीचा दंड म्हणून एक अब्ज मार्क ज्यूंकडूनच वसूल केले.

आमच्या श्योनेबर्गच्या इमारतीच्या दारात फुटपाथमध्ये पितळेचे तीन श्टोल्परश्टाइन, म्हणजे नाझींच्या बळींच्या स्मरणाचे दगड, आहेत. जेमतेम १० सेंटिमीटरचे चौकोन: इथे राहत होते, नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारी गुडघे टेकून ते घासतात. मीही घासते. दिवाळीला देवाची भांडी काढलेली असतात, पितांबरी हाताशी असते. इथल्या ट्यूबमधल्या पॉलिशपेक्षा ती दसपट चांगली. तळमजल्यावरच्या आजी आता दर वर्षी ‘तुमची ती पावडर’ म्हणून चमचाभर मागून नेतात. नऊ तारखेला संध्याकाळी त्या दगडांपाशी मेणबत्त्या लागतात.

आपल्या हॉलसमोरच्या फुटपाथवरही असे दगड आहेत. पथक उभं राहील बरोबर तिथे. एवढंच म्हणणं होतं.

---

प्रेषक: अनिकेत
विषय: पुन्हा: पुन्हा: दिवाळी स्नेहसंमेलन

मंजिरीताई, मुद्दा पटतो, पण अर्धाच. ९ नोव्हेंबर हा बर्लिनची भिंत पडल्याचाही दिवस आहे ना? यंदा ३५ वर्षं होतायत, सगळ्या शहरात पोस्टर लागलीत. बर्लिनकर स्वतः साजरा करणार आणि आपण मात्र गप्प बसायचं?

आणि ही तारीखच भन्नाट आहे. फॅमिली ग्रुपवर आलेली यादी बघा: १९१८ जर्मनीत राजेशाही संपली, १९२३ हिटलरचं फसलेलं बंड, १९३८, १९८९. आपल्याकडे १९४७ ला जुनागढचा कारभार भारताने हाती घेतला, १९६२ ला महर्षी कर्वे गेले, २००० ला उत्तराखंड झालं, २०१९ ला अयोध्येचा निकाल आणि करतारपूर मार्गिका एकाच दिवशी. ९ आणि ११. काहीतरी आहे राव या तारखेत.

---

प्रेषक: सुधीर (वेडिंग)
विषय: तारखेत काय आहे

अनिकेत,

वर्षाला दिवस ३६५ आणि जगात घडामोडी लाखो. कुठलीही तारीख उचल, अशी यादी निघते. जुनागढ आणि उत्तराखंड यांना एकत्र बांधणारं काही नाही. पण जर्मनीच्या ९ नोव्हेंबरचं प्रकरण वेगळं आहे, आणि सगळंच योगायोगात ढकललं तर त्यातली खरी गोम हातून निसटते.

१९१८ पासून धर. महायुद्ध हरलेलं, खलाशांनी बंड केलेलं, बर्लिनमध्ये कामगार रस्त्यावर. पंतप्रधान माक्स फॉन बाडेनने कैसरची, म्हणजे सम्राटाची, परवानगी न घेताच त्याने गादी सोडल्याचं जाहीर करून टाकलं. दुपारी दोनच्या सुमारास सोशल डेमोक्रॅट पुढारी शायडेमानने राइशटागच्या, म्हणजे संसदेच्या, खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली. तो खाली बटाट्याचं पातळ सूप पीत होता आणि तिथून त्याला उठवून नेलं, असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. त्याच्याच पक्षाचा नेता एबर्ट त्याच्यावर भडकला. दोन तासांनी जहाल डाव्या लीबक्नेश्टने राजवाड्यापाशी दुसरंच, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. यातल्या कोणीही कॅलेंडर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते झालं, इतकंच.

पुढचं मात्र तसं नाही. ज्यांना हे प्रजासत्ताक खुपत होतं त्यांनी ते उभं करणाऱ्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ अशी शिवी घातली आणि ती पुढची वीस वर्षं वापरली. हिटलर ८ नोव्हेंबर १९२३ ला रात्री म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये पिस्तूल घेऊन घुसला. त्या दिवशीच का, तर बव्हेरियाचे सत्ताधारी तिथे आयते सभेला जमले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि बंड संपलं. चार पोलीस मेले. नाझींनी आपले १६ मोजले आणि त्यांचे हुतात्मे केले. १९३३ नंतर दर ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये त्यांचा उत्सव. जुने सगळे साथीदार जमणार, हिटलर त्याच बिअर हॉलमध्ये भाषण करणार, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने मिरवणूक.

आता १९३८. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हर्शेल ग्रिनश्पान या १७ वर्षांच्या ज्यू मुलाने एर्न्स्ट फॉम राट या जर्मन वकिलातीतल्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या आईवडलांना नुकतंच जर्मनीबाहेर काढून पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन सोडलं होतं. फॉम राट ९ तारखेला संध्याकाळी मेला. ती बातमी आली तेव्हा देशभरचे नाझी पुढारी कुठे होते? म्युनिकच्या जुन्या टाउन हॉलमध्ये, १९२३ च्या स्मरणाच्या जेवणावळीला. प्रचारमंत्री गोबेल्स तिथेच बोलायला उभा राहिला. ते भाषण ऐकून मंडळी उठली आणि आपापल्या गावी फोन करायला गेली. सगळे एका छपराखाली नसते तर एका रात्रीत देशभर आग पसरवणं इतकं सोपं गेलं नसतं.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा तुझ्या यादीत नाहीच, कारण तो एक दिवस आधीचा. गेओर्ग एल्झर, श्वाबेनचा एक सुतार. हिटलर दर ८ नोव्हेंबरला त्याच हॉलमध्ये त्याच जागी उभा राहतो हे त्याने हेरलं. १९३९ साली तो तीसेक रात्री बंद झालेल्या हॉलमध्ये लपून राहिला. व्यासपीठामागचा खांब आतून पोखरला आणि त्यात घड्याळ लावलेला बॉम्ब बसवला. त्या रात्री धुक्यामुळे विमान नको म्हणून हिटलरला आगगाडी गाठायची होती. भाषण आवरतं घेऊन तो ९ वाजून ७ मिनिटांनी बाहेर पडला. ९ वाजून २० मिनिटांनी स्फोट झाला, आठ माणसं मेली. एल्झरला सरहद्दीवर पकडलं आणि युद्ध संपायला महिना उरला असताना दाखाऊमध्ये गोळी घातली. नाझींच्या वार्षिक उत्सवाने त्यांच्या नेत्याचा ठावठिकाणा अशा रीतीने एका सुताराला नेमका कळवला होता.

नंतरही तेच. ९ नोव्हेंबर १९६९ ला पश्चिम बर्लिनच्या एका अतिडाव्या टोळीने फाजानेनश्ट्रासवरच्या ज्यू समाजगृहात, १९३८ च्या स्मरणसभेच्या वेळी, बॉम्ब ठेवला. तो उडाला नाही. ती तारीखही निवडलेलीच होती.

उरलं १९८९. इथे पुन्हा निव्वळ गोंधळ. पूर्व जर्मनीचा प्रवासाचा नवा नियम दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर व्हायचा होता. तिथल्या सत्ताधारी पक्षाचा पुढारी शाबोव्स्की याच्या हातात चिठ्ठी आली, त्याने संध्याकाळी सातच्या आत पत्रकारांसमोर वाचली. कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. पूर्वेकडचे लोक पश्चिमेचा टीव्ही बघतच असत. आठच्या बातम्यांनंतर ते निघाले.

मी तेव्हा इथेच, पश्चिम बर्लिनच्या वेडिंग भागात राहायचो. बोर्नहोल्मर श्ट्रासचा सरहद्दीवरचा पूल घरापासून चालत जाण्याइतका. तोपर्यंत मी पूर्वेला जायचो ते फ्रीडरिशश्ट्रासवरून, कारण परदेशी पासपोर्टला ते नाकं. दर खेपेला २५ मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत. बोर्नहोल्मर आमच्यासारख्यांसाठी नव्हतंच. पलीकडे हाराल्ड येगर नावाचा अधिकारी वरिष्ठांना फोन करकरून थकला होता. त्यांनी सांगितलं, जास्त आवाज करणाऱ्यांना सोडा, पण पासपोर्टवरच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे परत येता यायचं नाही. तरी गर्दी वाढतच गेली. साडेअकराच्या सुमारास त्याने सरळ फाटक उघडलं. मी अलीकडे उभा होतो. पायजम्यावर ओव्हरकोट चढवलेला एक माणूस माझ्यासमोर आला आणि विचारायला लागला, कुडामला (पश्चिमेचा मोठा बाजाररस्ता) बस कुठली? खिशात पश्चिमेचा एक पैसा नव्हता. ड्रायव्हरने तिकीट मागितलं नाही.

भिंत पडल्याचा दिवसच राष्ट्रीय दिन करावा असं पुष्कळांना वाटत होतं. पण त्याच तारखेला १९३८ आहे. म्हणून ३ ऑक्टोबर हा एकीकरणाचा दिवस घेतला. तेव्हा अनिकेत, बर्लिनकर ‘साजरा करणार’ हे खरं, पण तेही एका डोळ्याने मागे बघतच. माझं मत मंजिरीच्या बाजूने.

---

प्रेषक: ऋचा
विषय: पुन्हा: तारखेत काय आहे

सुधीरकाका, लीबक्नेश्टवरून आठवलं. राजवाडा पूर्व जर्मनीने १९५० मध्ये पाडला, पण लीबक्नेश्ट जिथून बोलला ते प्रवेशद्वार तेवढं जपून १९६० च्या दशकात आपल्या स्टेट कौन्सिलच्या नव्या इमारतीला बसवलं. त्या इमारतीत आता बिझनेस स्कूल आहे आणि मी तिथेच शिकते. बाहेरून बघाल तर साध्या आधुनिक इमारतीत एकदम बरोक थाट. समाजवादी प्रजासत्ताकाच्या दारातून आम्ही भागधारकांच्या नफ्यावर लेक्चर ऐकायला जातो!

फाजानेनश्ट्रासला पण असंच आहे. १९३८ ला जळालेल्या सिनेगॉगच्या दरवाजाचा उरलेला भाग १९५९ च्या समाजगृहाला दर्शनी बाजूला लावलाय. एका तारखेची दोन दारं, दोन्ही नंतरच्या इमारतींना डकवलेली.

---

प्रेषक: स्मितामावशी
विषय: कर्व्यांबद्दल

सर्वांस नमस्कार. अण्णा कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात गेले, वय १०४. ही तारीख सुधीरभावजींच्या हिशेबाने योगायोगाच्याच खात्यात. पण त्या घराचा बर्लिनशी खरा संबंध आहे, तो कोणी सांगितला नाही म्हणून लिहिते.

त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे इथे डालेमला, कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंशशास्त्र शिकल्या, १९३० मध्ये डॉक्टरेट. परदेशी पाठवण्याला खुद्द अण्णांचा विरोध होता. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस, पण सुनेला जर्मनीला पाठवायचं म्हटल्यावर नको म्हणाला. घरोघरी असंच! मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता, ज्याची मतं पुढे नाझींना फार उपयोगी पडली. युरोपियनांच्या कवट्या वेगळ्या असतात हे दिसावं अशी त्याची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. १९३८ च्या आधी आठ वर्षं, त्याच शहरात.

ती इमारत, ईनेश्ट्रास २२, अजून आहे, फ्री युनिव्हर्सिटीकडे. दारावर संस्थेच्या इतिहासाची पाटी आहे. मुलांना एकदा दाखवून आणा.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: पुन्हा: कर्व्यांबद्दल

सगळं वाचलं, छान आहे. आता पैशाचं बोलू. हॉलची अनामत भरलेली आहे, तारीख बदलली तर निम्मी बुडते. १६ तारखेला हॉल नाही. १७ ला रविवारी फोल्क्सट्राउअरटाग, युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस, म्हणजे कायद्यानेच शांत दिवस. २३ ला हॉल आहे, पण तोपर्यंत तुळशीचं लग्न होऊन दहा दिवस झालेले असतील. माझं मत: तारीख तीच, ढोल नको.

---

प्रेषक: अनिकेत
विषय: पुन्हा: पुन्हा: कर्व्यांबद्दल

ढोल नको म्हणजे पथकाने तीन महिने सराव केला तो काय? आत वाजवू द्या, दुपारी. हॉलच्या भिंती जाड आहेत, मागच्या वर्षी गणपतीत बाहेर काही ऐकू गेलं नव्हतं. १९८९ बद्दल माझं म्हणणं कायम आहे, पण रात्री आठचा हट्ट सोडतो.

---

प्रेषक: सचिव
विषय: ठरलेलं (कृपया नीट वाचा)

मंडळी, कार्यकारिणीत फोनवर बोलणं झालं.

कार्यक्रम ९ तारखेलाच. वेळ दुपारी १ ते ७, हॉलवाल्यांनी बदलून दिली. ढोल-ताशा ३ वाजता हॉलच्या आत, दारं बंद. फुलबाज्या रद्द, त्या मुलांना घरी वाटून देऊ. फुटपाथवर रांगोळी काढायची कल्पना कोणीतरी मांडली होती, तीही नको, दगडांवर रंग जाईल. ७ वाजता ज्यांना थांबायचं असेल त्यांनी मंजिरीताईंबरोबर बाहेर थांबा, त्या शेजाऱ्यांशी बोलल्या आहेत. ज्यांना सुधीरकाकांबरोबर बोर्नहोल्मरच्या पुलावर जायचं असेल त्यांनी तिकडे जा, काका ८ वाजता पुलाच्या वेडिंगकडच्या टोकाला भेटतील. कोणावर सक्ती नाही.

भिंतीच्या कार्यक्रमांमुळे मध्य बर्लिनमधले काही रस्ते बंद असतील, गाड्या घरी ठेवा. आणि आतापर्यंत ४ जणांनी चिवडा लिहिलाय, शंकरपाळ्यांना एकही नाव नाही.