अनवाणी वारी, नमाज, पारायण, कुंकू : कातडीवरच्या खुणा (अनुभव धागा)

गिरणाकाठ : चैत्र आला, सप्तशृंगी गडाकडे निघालेले अनवाणी पाय परत रस्त्यावर दिसू लागले, म्हणून हा धागा. सतत दाब आणि घर्षण पडलं की कातडीचा वरचा मृत थर जाड होतो, तो घट्टा. दुखत नसेल तर राहू द्या, पायाचं रक्षणच करतो. कोरडा पडून चिरला की त्रास. रात्री १०-१५ मिनिटं कोमट पाण्यात पाय, वजरीनं हलकं घासणं, नीट पुसून १० टक्के युरियाचं मलम, वर सुती मोजे. ब्लेडनं तासू नका.

काळी_माती : फोडांचं राहिलं. लहान फोड फोडायचाच नाही. मोठा असेल, पाऊल टेकवत नसेल, तर उकळलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढा, साल तशीच ठेवा. साल ओढली की खालचं लालबुंद उघडं पडतं, आणि नांदुरीचा घाट अजून पुढंच असतो.

अमळनेरकर : खरं शे भाऊ. शुगरवाल्यांनी मात्र अनवाणी जाऊच नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, दुपारच्या डांबरावर तळवा भाजला तरी कळत नाही. कुरपाच्या पट्ट्याही नकोत, त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडीही खातं. देवी चपलेचा राग धरत नाही, हे घरच्यांनी समजावून सांगा.

तापीकर : नमाजचे घट्टे कपाळ, गुडघे आणि घोट्यावर. बैठकीत डावा पाय खाली मुडपलेला असतो, म्हणून डावीकडे जास्त. प्लास्टिकच्या चटईपेक्षा जाड सुती जानमाज बरी. कपाळाचा डाग घालवायला गोरं करायची स्टिरॉइड क्रीम लावू नका, कातडी पातळ होते.

काळी_माती : पारायणाला मांडी घालून बसणाऱ्यांचंही तेच. घोट्याखाली घोंगडीची घडी ठेवा.

वांग्याचं_भरीत : टिकलीखाली पांढरं झालंय, ते काय?

गिरणाकाठ : काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनानं रंगपेशी मरतात. बऱ्याचदा आधी खाज येते. तेव्हाच टिकली बंद करा, ब्रँड बदलत बसू नका. डाग दिसतोय तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाच, ताई.

वांग्याचं_भरीत : मग कानबाईच्या सणाला कुंकू घरीच करते. प्रमाण?

काळी_माती : हळदीत चुन्याची निवळी थेंब थेंब, लाल होईपर्यंतच. सावलीत वाळवा. निवळी जास्त झाली तर कपाळ चरचरतं. पण आधीचा डाग दाखवून घ्या, तोवर कपाळ मोकळं ठेवा. नंतर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, मगच कपाळाला.