मदत हवी आहे: घरच्या पैशांवर एआय स्टार्टअप, जीपीयू (एआयसाठी लागणारं ग्राफिक्स कार्ड) विकत घ्यावा की भाड्याने?

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र नाशिकमध्ये कांद्याच्या अडत्यांसाठी ॲप बनवतोय. लिलावात पुकारलेला भाव ऐकून ॲपने थेट हिशोबपट्टी तयार करायची. पैसा सगळा घरचा. गुंतवणूकदार इतक्यात नकोच. अडत्याला नेमकं काय हवंय ते कळण्याआधीच वाढीचा तगादा मागे लागतो.

ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल, 2022 पासून सर्वांना खुलं आहे, त्यामुळे सुरुवात स्वस्तात झाली. खरी गोम आकड्यांत आहे. 'साडेअठराशे' म्हणजे 1850, 'सव्वाबाराशे' म्हणजे 1225. मॉडेल 'साडे'ला वेगळं टाकून 1800 लिहून मोकळं होतं. वर ट्रॅक्टरची धडधड, 'गोल्टी' (लहान कांदा), 'उन्हाळ' (उन्हाळी कांदा) असे शब्द. पट्टीवर क्विंटलमागे 50 रुपये कमी लागले तर तो शेतकऱ्याच्या घामाचा पैसा आहे, इथे 'जवळपास बरोबर' चालणारच नाही. म्हणून मार्केट यार्डातल्या रेकॉर्डिंगवर फाइन-ट्यूनिंग, म्हणजे तयार मॉडेलला आपल्या नमुन्यांवर पुढे शिकवणं, करायचंय.

यासाठी 24 जीबीचं आरटीएक्स 3090 हे जीपीयू कार्ड सेकंड-हँड घ्यावं, की तासाच्या भाड्यावर क्लाउड (इंटरनेटवरून वापरायचे संगणक) परवडतं? केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनचे सवलतीचे जीपीयू आमच्यासारख्या दोघांच्या कंपनीला प्रत्यक्ष मिळालेत का कुणाला? कागदपत्रं काय लागली?

आणखी एक. लिलावात एकाच वेळी बरेच जण बोलतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार आवाजाची संमती कशी घ्यायची, हे जाणणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. अडत्यांकडून पैसे महिन्याला ठरावीक घ्यावेत की पट्टीमागे, यावरही अनुभव सांगा.