कादंबरीचं मुद्रितशोधन: वर्ड फाइलवर की लागलेल्या पानांवर?

पहिली-आवृत्ती
कादंबरी साधारण 62 हजार शब्दांची आहे, वर्डमध्ये युनिकोडात टाइप केलेली. संपादन पूर्ण झालंय. प्रकाशक डेमी आकारात पानं लावणार आहेत, जुळणी (टाइपसेटिंग) श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. निवेदन 'केलं, गेलं' अशा वळणाचं आणि संवाद वऱ्हाडी. मुद्रितशोधकाला (प्रूफरीडरला) आत्ताच फाइल द्यावी की पानं लागल्यावर? एक वाचन पुरतं का?

उपान्त्य
दोन्ही वेळा द्या. वर्डमध्ये भाषेच्या चुका निघतात, पानांवर जुळणीच्या. फक्त पानांवर वाचलं तर प्रत्येक पानावर वीस-वीस दुरुस्त्या निघतात आणि त्या भरताना जुळणी करणाऱ्या ऑपरेटरकडून नव्या चुका होतात. उलट फक्त वर्डवर थांबलात, तर फॉन्ट बदलताना झालेली मोडतोड थेट छापली जाते.

आधी शोधकाबरोबर बसून शब्दांची यादी करा. तिच्यात दोन रूपं चालणाऱ्या प्रत्येक शब्दाचा एकदाच निर्णय लिहायचा: हॉस्पिटल की इस्पितळ, अंक देवनागरी की इंग्रजी, अवतरण एकेरी की दुहेरी. वऱ्हाडी शब्दांसाठी वेगळं पान ठेवा: मले, तुले, काहून, हाये. ही यादी नसेल तर चांगला शोधकसुद्धा 'मले'चं 'मला' करून ठेवतो, किंवा एका प्रकरणात 'हाये' आणि पुढच्यात 'हाय' तसंच राहतं.

निवेदनासाठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम धरा (1962 चे चौदा, 1972 मध्ये जोडलेले चार). सर्वांत जास्त चुका सामान्यरूपात सापडतात. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ह्रस्व. 'फूल', पण 'फुलाला'. तत्सम शब्दाला हे लागू नाही, म्हणून 'शरीर' आणि 'शरीराला' दोन्ही दीर्घच. त्याखालोखाल जोडाक्षरं: महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत त दोनदा, 'अस्तित्व'मध्ये एकदाच. उज्ज्वल, तज्ज्ञ, उद्ध्वस्त. 'शुध्द' तर इतकं रुळलंय की डोळा त्यावर थांबतच नाही. बरोबर रूप 'शुद्ध', द आधी आणि ध नंतर. शंका आली की अरुण फडके यांचा मराठी लेखन-कोश उघडा, आठवणीवर जाऊ नका.

पानंजुळणी
श्रीलिपी म्हटलंत म्हणून सांगतो, धोका तिथेच आहे. जुन्या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडात नंतर. रूपांतर करताना 'स्थिती', 'शक्तिमान' अशा ठिकाणी ती भलत्या अक्षरावर जाऊन बसू शकते. वर्डमधली गोल अवतरणचिन्हं आणि लांब रेघ यांच्या जागी कधी कधी वेगळंच अक्षर उमटतं. रोमन लिपीतले शब्द असतील तर त्यांचा फॉन्ट वेगळा लावावा लागतो, नाहीतर निव्वळ गिचमिड.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ऱ्य. युनिकोडात तो दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या तऱ्हेतलं जोडचिन्ह रूपांतरात गळलं की रफार उरतो आणि 'आचाऱ्याला बोलावलं'चं 'आचार्याला बोलावलं' होतं. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तरी वाक्य वाचता येतं, म्हणून चूक सुटते आणि अर्थ बदलतो. रूपांतराआधी सगळे ऱ्य एकाच तऱ्हेचे करून घ्या. प्रकाशकाला शक्य असेल तर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडातच पानं लावायला सांगा. त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला की जोडाक्षरं नीट येतात आणि हा सगळा टप्पा टळतो.

पहिलं प्रूफ (लागलेल्या पानांची तपासायची प्रत) दोघांनी वाचावं: एकानं मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पानावर नजर ठेवायची. गळलेली ओळ किंवा दोनदा आलेला परिच्छेद असाच पकडता येतो. जुळणीच्या चुका लाल शाईनं, लेखकानं केलेले बदल निळ्यानं. खूण ओळीत, दुरुस्ती समासात. चुकून खोडलेला शब्द ठेवायचा असेल तर खाली ठिपके. दुसऱ्या प्रूफात आधी फक्त खुणा तपासा, मग दुरुस्त झालेल्या ओळीच्या वरच्या-खालच्या दोन ओळी वाचा.

पहिली-आवृत्ती
खूप आभार. निवेदनात काही ठिकाणी 'गेले, केले' राहिलंय. ते शोधा-बदला वापरून एकदम 'गेलं, केलं' करून टाकू का?

उपान्त्य
अजिबात नको! 'घर गेले'चं 'घर गेलं' होईल, पण 'बाबा गेले' आणि 'मुलगे गेले' इथेही अनुस्वार चढेल. ते पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी रूप आहे, तसंच राहायला हवं. 'आणी'चं 'आणि' एकदम केलंत तर 'आणीबाणी'ची 'आणिबाणी' होते. प्रत्येक जागा बघून बदला. मात्र 'त्याने केलं' असं अर्धं-अर्धं ठेवू नका. 'त्यानं केलं' हवं.

सोळा-पानी
शेवटच्या प्रूफात मजकूर न वाचता फक्त पानं बघायचा एक फेरा करा. अनुक्रमणिकेतले आकडे प्रत्यक्ष पानांशी, वरच्या पट्टीतलं प्रकरणाचं नाव त्या प्रकरणाशी, विषम पान उजवीकडे, कण्यावरचं नाव मुखपृष्ठावरच्या नावाशी जुळतंय का ते पाहा. परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या माथ्यावर आली असेल तर ऑपरेटरला सांगा. आयएसबीएनचे पहिले बारा अंक आळीपाळीनं 1 आणि 3 ने गुणून बेरीज करा. तेरावा अंक मिळवल्यावर 10 ने नि:शेष भाग गेला पाहिजे.

तुमची पानं 240 च्या आसपास बसतील, म्हणजे सोळा पानांचे पंधरा फॉर्म (फॉर्म म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच). या टप्प्यावर एखादा परिच्छेद वाढवलात आणि 241 वं पान उघडलं, तर नवा फॉर्म लागतो आणि मागं कोरी पानं उरतात. भर घालायचीच असेल तर त्याच पानावर तेवढ्या ओळी कमी करून घाला, आणि त्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळी पानं पुन्हा तपासा.