गोव्यात जंबू जगेल का?

सावईवेरेची वहिनी:
गेल्या ऑक्टोबरात उत्तराखंडातल्या मुनस्यारीला गेलो होतो. तिथल्या आजींनी परसातले जंबूचे, म्हणजे तिकडच्या रानकांद्याचे, पाच कंद उपटून दिले, करंगळीएवढे. घरी आणून कुंडीत लावले. पात आली, कात्रीने कापून दोनदा वरणावर घातलीसुद्धा. मार्चपासून शेंडे पिवळे पडले आणि जूनच्या पावसात तीन कंद कुजले. काढून पाहिले तर बोटाने दाबताच आतून पाणी आलं. फार वाईट वाटलं. उरलेले दोन फ्रिजमध्ये ठेवू का?

माडाखालचा माळी:
वहिनी, जंबू किंवा फरण हा हिमालयातला रानकांदा, अडीच-तीन हजार मीटरवरचा. हिवाळ्यात बर्फाखाली त्याची पात मरते, कंद झोपतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. आपल्याकडे डिसेंबरातही पहाटे पारा विशीच्या आसपासच, मग तो झोपणार कधी? फ्रिजमध्ये थंडी मिळेल, पण पुढे एप्रिल-मे आहेच, आणि नंतर आपला पाऊस. माझं ऐकाल तर गार्लिक चाइव्ह्ज लावा. चपटी पात, पांढरी फुलं, वास लसणाचा. मणिपुरात तिला मारोई नाकुप्पी म्हणतात. उष्णता सोसते. पावसात कुंडी पडवीत घ्या, तळाला रेती घाला.

डोंगरकुशी:
आमच्या घरामागे पावसात कांद्यासारखे कंद फुटतात. तेही खाता येतील ना?

माडाखालचा माळी:
अजिबात नको! तो बहुतेक कोळकांदा. उन्हाळ्यात नुसता फुलांचा दांडा येतो, पानं पावसात. विषारी आहे, उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात. चुरगळलेल्या पानाला कांदा-लसणाचा वास नसेल तर तोंडात घालायचंच नाही. वास आला तरी ओळख पटल्याशिवाय नको. मुलांनाही सांगून ठेवा.

सावईवेरेची वहिनी:
मग ते दोन कंद तिकडेच धारचुलाला निघालेल्या भाचीबरोबर परत पाठवते, त्यांच्या मातीत जगू देत. वाळवलेला जंबू अजून डबीत आहे. दिसतो सुक्या गवतासारखा, पण कडकडीत तुपात चिमूटभर टाकला की हिंग-लसणाच्या मधला वास घरभर होतो. तूप आचेवरून उतरवूनच टाकायचा, नाहीतर क्षणात काळा पडतो आणि वरण कडू होतं. काल मुगाच्या वरणावर घातला, सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. गार्लिक चाइव्ह्जचं रोप फोंड्याच्या बाजूला कुणाकडे आहे का?